सर्वांत मोठा व्हॉल्व्ह कशाला?

हॅम रेडिओचा परवाना काढला, शंभर वॉटचा तयार संच घेतला, वर्ष-दोन वर्षे देशोदेशीच्या माणसांशी बोलून झाले, की बऱ्याच हौशी मंडळींना एक ओढ लागते. आपला आवाज आणखी जोरात पोहोचवणारा पॉवर ॲम्प्लिफायर आता स्वतःच्या हाताने बांधायचा. हॅम लोक त्याला नुसते ‘लिनिअर’ म्हणतात. घरातल्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार होऊन अर्धशतक लोटले, पण काही शे वॉट घरच्या घरी उभे करण्याच्या या कामात तो अजून तग धरून आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रश्न येतो, की व्हॉल्व्ह कोणता घ्यायचा. त्याचे उत्तर बहुधा माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा बघून दिले जाते. पंधराशे वॉट पेलणारा मिळत असेल तर पाचशेचा कशाला, असा सरळ हिशेब. माझ्या मते हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. या बांधकामात व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी ठरवावा. परवाना किती वॉटचा आहे, वीजपुरवठा कसा उभा राहणार, उष्णता कुठून बाहेर काढणार आणि हा व्हॉल्व्ह उद्या गेला तर दुसरा कुठून आणणार, एवढे कागदावर उतरले की दोन-तीनच नावे उरतात. त्यांतही शेवटचा प्रश्न सर्वांत वजनदार आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

आधी परवान्याचे पाहू. भारतात जनरल श्रेणीच्या परवानाधारकाला ४०० वॉटपर्यंत मुभा आहे, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ५० वॉट. म्हणजे रिस्ट्रिक्टेडवाल्याचा लिनिअरशी संबंधच येत नाही. त्याला बाजारातला शंभर वॉटचा संचसुद्धा कमी करून वापरावा लागतो. अमेरिकेत हीच मर्यादा १५०० वॉट आहे, आणि आपल्याकडे हाती पडणारे बहुतेक आराखडे अमेरिकन पुस्तकांतले असतात. तिथल्या माणसाने तिथल्या कायद्याच्या मापाने निवडलेला व्हॉल्व्ह आपण आपल्या मापाचा समजून उचलतो, ही खरी गोची आहे. शंभर वॉटचे चारशे केले की सहा डेसिबलची वाढ होते. ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर, म्हणजे संदेशाची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर, ती एक एस-युनिट भरते. चारशेचे पंधराशे केले तर वाढ होते पावणेसहा डेसिबलची, म्हणजे पुढचे एक एस-युनिटही पुरते भरत नाही. क्षीण संदेश गोंगाटातून वर काढायला पहिले सहा डेसिबल खरोखर कामी येतात, हे मान्य. पण त्यापुढच्या पावणेसहासाठी दुप्पट-तिप्पट वजनाचा ट्रान्सफॉर्मर, घराच्या वायरिंगवर ताण आणि परवान्याचा भंग, एवढे सगळे गळ्यात घ्यायचे हा कुठला व्यवहार?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मोठा व्हॉल्व्ह घेतला म्हणून तो पूर्ण ताकदीने चालवलाच पाहिजे असे थोडेच आहे? चारशे वॉटवर तो निवांत चालेल, जास्त टिकेल. यात तथ्य आहे, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. ‘एबी’ वर्गात चालणाऱ्या लिनिअरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास असते. चारशे वॉट अँटेनाकडे धाडायचे तर वीजपुरवठ्यातून साधारण साडेसहाशे वॉट घ्यावे लागतात, आणि मधले अडीचशे वॉट व्हॉल्व्हच्या प्लेटवर उष्णता होऊन पडतात. म्हणून प्लेटची सहनशक्ती अडीचशे वॉट हवी, वर थोडी राखीव. बोलताना आवाज सतत चढलेला नसतो, त्यामुळे सिंगल साइडबँडवर सरासरी उष्णता याहून बरीच कमी पडते. मोर्स किंवा डिजिटल पद्धतींत मात्र सगळा भार बसतो. तीनशे-साडेतीनशे वॉटची सोय केली की राखीव पुरेशी झाली. त्यापुढची प्रत्येक पायरी फिलामेंटची जादा वीज, मोठा ब्लोअर आणि महाग सॉकेट मागते. पंधराशे वॉट पेलणारा व्हॉल्व्ह चारशेसाठी लावणे म्हणजे दोघांच्या भातासाठी लग्नाच्या पंगतीचे पातेले चुलीवर चढवणे. शिवाय दारात उभी असलेली ताकद वापरायचा मोह किती जणांना आवरतो, याबद्दल माझे मत फारसे उदार नाही.

अडीचशे ते साडेतीनशे वॉटच्या या पट्ट्यात बसणारी नावे मोजकी आहेत: चार ८११ए, दोन ५७२बी, दोन ८१३, एक रशियन जीआय-७बी, किंवा थोडा हात सैल सोडला तर एक ३-५००झेड. यांतून निवड करण्याआधी हे व्हॉल्व्ह मुळात हॅम लोकांच्या हातात आले कसे, ते पाहिले पाहिजे, कारण माझ्या युक्तिवादाचा गाभा तिथे आहे. हॅम लोकांनी सर्वोत्तम व्हॉल्व्ह शोधून निवडला, असे क्वचितच घडले आहे. सैन्यांनी, सरकारांनी आणि प्रसारण केंद्रांनी आपल्या गरजेपोटी जे बनवले आणि नंतर टाकून दिले, त्यातून त्यांनी लिनिअर उभे केले. आरसीए कंपनीचा ८०७ हा १९३६ चा आणि ८१३ हा १९३८ चा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही अफाट संख्येने बनले, आणि युद्ध संपल्यावर मातीमोलाने बाजारात आले. त्यानंतरच्या दोन पिढ्यांचे ट्रान्समीटर त्यांच्यावर पोसले गेले. सोव्हिएत जीयू-५० चे मूळ जर्मन सैन्याच्या एलएस-५० या व्हॉल्व्हमध्ये आहे. युद्धानंतर रशियनांनी तो आपलासा केला आणि दशकानुदशके बनवला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि रडारसाठी साठवलेले धातू-सिरॅमिकचे व्हॉल्व्ह पेट्या भरभरून जगभर पसरले. अपवाद आहेत, आणि त्यांतला एक ठळक आहे. बिल आयटेल आणि जॅक मॅककुलो या कॅलिफोर्नियातल्या दोन हॅमनी १९३४ मध्ये आयमॅक कंपनी काढली आणि हॅमला हवे तसे दणकट व्हॉल्व्ह बनवले. पण त्यांनाही मोठे केले ते युद्धकाळातल्या रडारच्या मागणीनेच.

आता असे नवे भंगार येणार नाही. सैन्यांचे आणि प्रसारण केंद्रांचे ट्रान्समीटर हळूहळू ट्रान्झिस्टरवर गेले आहेत. आपल्या बंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी देशातल्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह मोठ्या प्रमाणावर बनवले. तो जमाना सरला. जगात आहे तो साठा आणि मुख्यतः चीनमधले थोडे चालू उत्पादन, एवढ्यावर पुढची वर्षे काढायची आहेत. म्हणून कोणता व्हॉल्व्ह चांगला, यापेक्षा कोणता व्हॉल्व्ह आणखी दहा वर्षांनी बदलता येईल, हा प्रश्न मोठा. ज्याचा सुटा तुकडा आज मिळत नाही त्याच्याभोवती सहा महिने खपून यंत्र बांधणे हा वेळेचा अपव्यय आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक अमेरिकन संचांत रंगीत टीव्हीच्या पडद्याचे झोत वळवणारे स्वस्त व्हॉल्व्ह वापरले होते, ६जेबी६, ६एलक्यू६ वगैरे. तेव्हा ते कुठल्याही टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळत. टीव्ही बदलले, व्हॉल्व्ह दुर्मिळ झाले, किमती चढल्या आणि ते संच आज माळ्यावर पडून आहेत. कोणी आजही असा व्हॉल्व्ह ‘सापडला म्हणून’ लिनिअर बांधायला घेत असेल, तर त्याने आधी त्याचे निदान चार जोड मिळवावेत. नाही मिळाले तर तो विचार सोडून द्यावा.

या कसोटीवर मला ८१३ सर्वांत उजवा वाटतो. जवळजवळ एकोणीस सेंटिमीटर उंच, मनगटाहून जाड असा हा काचेचा व्हॉल्व्ह. डोक्यावर प्लेटची टोपी, खाली सात जाड पिना. फिलामेंटला १० व्होल्ट आणि ५ अँपिअर दिले की ते पिवळसर पांढऱ्या तेजाने पेटते आणि अंधाऱ्या खोलीत पुस्तक वाचता येईल इतका उजेड पडतो. प्लेट सव्वाशे वॉट पेलते, म्हणजे दोन लावले की राखीव उरत नसली, तरी बोलण्यापुरता आपला अडीचशेचा हिशेब जमतो. ग्रिड जमिनीला जोडून, ज्याला ग्राउंडेड ग्रिड म्हणतात त्या पद्धतीने वापरला, तर स्क्रीन ग्रिडसाठी वेगळा वीजपुरवठा लागत नाही. दोन-अडीच हजार व्होल्टचा एकच पुरवठा पुरतो. मोठा आवाज करणारा ब्लोअर लागत नाही, हलका पंखा भागवतो. रशियात हाच व्हॉल्व्ह जीयू-१३ म्हणून बनला, ब्रिटिश सैन्यात तो सीव्ही-२६ होता, युरोपात क्यूवाय२-१०० नावाने मिळे. इतक्या देशांनी तो बनवला म्हणूनच अजून मिळतो. शिवाय काचेचा एक गुण नवशिक्याच्या फार उपयोगी पडतो. ट्यूनिंग चुकले की प्लेटवर लालसर डाग उमटतो आणि तो डोळ्यांना दिसतो. हात मागे घ्यायला काही सेकंद मिळतात. सिरॅमिकचा व्हॉल्व्ह असा इशारा देत नाही. तो आतल्या आत मरतो.

८१३ ची उणी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. त्याची आउटपुट कपॅसिटन्स १४ पिकोफॅरड आहे. दोन जोडले की २८. प्लेटचा लोड चार हजार ओहमच्या आसपास धरला आणि अँटेनाशी जुळवणी करणाऱ्या टँक सर्किटचा क्यू बारा ठेवायचा म्हटले, तर २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दहा मीटरच्या पट्ट्यावर, प्लेटच्या बाजूला सगळी मिळून सतराएक पिकोफॅरडच चालते. इथे नुसते व्हॉल्व्हच २८ घेऊन बसलेत, वर व्हेरिएबल कपॅसिटरची किमान किंमत आणि वायरिंगचे दोन-चार वेगळेच. परिणामी क्यू वीसच्या पुढे जातो, कॉइलमध्ये प्रचंड प्रवाह फिरतो, कॉइल तापते आणि कष्टाने मिळवलेली ताकद तिथेच जिरते. प्लेटचे व्होल्टेज कमी करून प्रवाह वाढवला तर लोड उतरतो आणि ही अडचण थोडी सैल होते, एवढेच. ऐंशी मीटरपासून वीस मीटरपर्यंत मात्र ही जोडी निर्धास्त चालते. लांबच्या गप्पांचा बहुतांश व्यवहार चाळीस आणि वीस मीटरवरच होत असेल, तर दहा मीटर सोडून देण्यात फारसे काही जात नाही. सौर चक्राच्या उंचीच्या वर्षांत दहा मीटर फुलतो, तेव्हा तिथे शंभर वॉटसुद्धा जग फिरून येतात.

ज्याला दहा मीटर हवाच आहे त्याने जीआय-७बी कडे वळावे. रडारसारख्या उपकरणांतल्या अतिउच्च वारंवारितेसाठी बनलेला हा सोव्हिएत ट्रायोड मुठीत मावतो, तरी प्लेटवर ३५० वॉट पेलतो. एकच पुरतो. हीटरला १२.६ व्होल्ट आणि दोनेक अँपिअर लागतात, म्हणजे पंचवीस वॉट. दोन ८१३ एक शब्द बोलण्याआधीच शंभर वॉट गिळतात. खास सॉकेटची गरज नाही, पितळेच्या पट्टीचे कडे करून तो घट्ट बसवता येतो, आणि इथल्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडून ते काम होते. टपालातून येताना काच फुटायची भीती नाही. मग पहिली पसंती याला का नाही? एक तर त्याला झोताची हवा लागते. ब्लोअर थांबला आणि लक्ष नसले, तर पुढच्या मिनिटात खेळ संपतो. दुसरे म्हणजे तो फक्त सोव्हिएत साठ्यातून येतो. आज स्वस्त आहे म्हणून उद्याही असेल याची हमी नाही. घेणाऱ्याने एक लावण्यासाठी आणि दोन कपाटात ठेवण्यासाठी असे तीन एकदमच घ्यावेत. वर्षानुवर्षे पडून असलेला व्हॉल्व्ह मिळाल्या मिळाल्या पूर्ण व्होल्टेजवर चढवू नये, हेही इथेच सांगतो. आत किंचित वायू साठलेला असतो. काही तास नुसता हीटर चालू ठेवून, मग व्होल्टेज पायरीपायरीने वाढवावे. नाही तर आत ठिणगी पडते आणि व्हॉल्व्हसकट बाकीचेही घेऊन जाते.

५७२बी आणि ८११ए यांच्याबद्दल थोडक्यात. दोघे एकाच घराण्यातले. ८११ए ची प्लेट ६५ वॉटची, म्हणून चार लागतात. ५७२बी ची १६० ची, म्हणून दोन. चीनमध्ये आजही बनतात ही त्यांची मोठी जमेची बाजू, पण सगळ्या खेपा सारख्या निघत नाहीत. अमेरिकेतल्या तयार लिनिअरमध्ये ते वर्षानुवर्षे वापरले गेले; कॉलिन्सच्या ३०एल-१ मध्ये चार ८११ए होते, हीथकिटच्या एसबी-२०० मध्ये दोन ५७२बी. चार व्हॉल्व्ह एकत्र बांधले की त्यांतला एक हटवादी निघण्याची शक्यता चौपट होते. मला दोनच्या वर जायला आवडत नाही.

३-५००झेड चे समर्थक यावर गप्प बसणार नाहीत, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. हा ५०० वॉटचा ट्रायोड मुळात हॅम लिनिअरसाठीच नावाजला. बायस जवळजवळ शून्य, आराखडे शेकड्यांनी उपलब्ध, अजून बनतोही. एक लावला की चारशे वॉट हसत मिळतात. पण त्याच्या पायाशी बघा. फिलामेंटला ५ व्होल्टवर साडेचौदा अँपिअर लागतात. सॉकेटमधून खालून हवा फुंकून ती काचेच्या चिमणीतून वर जाईल अशी रचना करावी लागते, कारण काच आणि धातू जिथे जुळतात ते सांधे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे असतात. ती हवा कमी पडली की पिनांमधला शिशाचा डाग वितळून खाली ओघळतो. हीथकिटच्या एसबी-२२० मध्ये, जिथे असे दोन व्हॉल्व्ह होते, दुरुस्तीला आलेल्या संचांत ही तक्रार सर्रास आढळते. पिनांना पुन्हा डाग देऊन व्हॉल्व्ह वाचवता येतो, पण हा दोष मुळात ओढवून घ्यायचाच कशाला? चांगला ३-५००झेड, त्याचे सॉकेट आणि चिमणी, आयात शुल्क आणि टपालखर्च धरून येणाऱ्या पैशांत दोन ८१३, त्यांचे दोन राखीव जोडीदार आणि बराचसा ट्रान्सफॉर्मर होतो. हजार वॉटची मुभा असती, तर माझे मत वेगळे असते.

सर्वांत जास्त फसगत होते ती ४सीएक्स२५०बी आणि जीयू-७४बी यांच्यासारख्या सिरॅमिक टेट्रोडमध्ये. आकाराने लहान, दिसायला देखणे, आणि चालवायला केवळ काही वॉट पुरतात, म्हणून नवखा माणूस भुलतो. पण आजचे संच शंभर वॉटचे आहेत. त्यांची ताकद पाचावर आणून ठेवली, तरी बोलायला सुरुवात करताच पहिल्या क्षणी काही संच पूर्ण ताकदीचा धक्का देतात, आणि नाजूक ग्रिडला एवढेच पुरते. स्क्रीनसाठी स्वतंत्र, नियंत्रित पुरवठा हवा. प्लेटचे व्होल्टेज गेले आणि स्क्रीनचे राहिले, तर स्क्रीन स्वतःच प्लेटचे काम करू लागते आणि जळते. म्हणजे संरक्षक सर्किटे बांधायची, ती तपासायची, आणि ती नेमक्या क्षणी चालतील असा विश्वास ठेवायचा. ज्याला हे जमते त्याने जरूर करावे. पहिल्या बांधकामाचा तो विषय नव्हे.

व्हॉल्व्हच्या गप्पांत वीजपुरवठा मागे पडतो, आणि माणसे मरतात ती वीजपुरवठ्याने. अडीच हजार व्होल्टसाठी साधारणपणे ४५० व्होल्टचे आठ कपॅसिटर एकापाठोपाठ जोडतात. प्रत्येक २२० मायक्रोफॅरडचा असेल, तर साखळी साडेसत्तावीस मायक्रोफॅरडची होते आणि तिच्यात ८६ जूल ऊर्जा साठते. प्रत्येक कपॅसिटरला शंभर किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला, तर बटण बंद केल्यावर व्होल्टेज पन्नासपर्यंत उतरायला जवळपास दीड मिनिट लागते. त्या दीड मिनिटात आतमध्ये गेलेला हात बहुधा परत येत नाही. एखादा रेझिस्टर तुटलेला असेल, तर दीड मिनिटाला काही अर्थच उरत नाही. म्हणून झाकण उघडताच पुरवठा तोडणारा स्विच आणि लाकडी किंवा फायबरच्या दांड्याला बांधलेली जमिनीची तार, या दोन गोष्टी आराखड्यात व्हॉल्व्हच्या आधी यायला हव्यात. भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर हा सोपा मार्ग म्हणून पुष्कळ जण सुचवतात. त्याच्या उच्च दाबाच्या गुंडाळीचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असते, त्यामुळे नेहमीचा ब्रिज रेक्टिफायर लावता येत नाही, आणि तो बनलेलाच असा असतो की रिकामा चालतानाही तापतो. पैसे वाचतील, पण त्यावर भरवसा ठेवू नये. जाणकार वाइंडरकडून चांगला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा. तो व्हॉल्व्हच्या तीन पिढ्या जगतो, आणि त्याच्या व्होल्टेजवरून पुढे कोणता व्हॉल्व्ह बसेल हे ठरते. मी व्हॉल्व्ह शेवटी ठरवा म्हणतो, त्याचे हेही एक कारण.

खरा प्रतिवाद वेगळाच आहे: आजच्या काळात व्हॉल्व्ह हवेतच कशाला? पन्नास व्होल्टवर हजार वॉटच्या पुढे जाणारे एलडीमॉस ट्रान्झिस्टर आता मिळतात. जीवघेणे व्होल्टेज नाही, तापायची वाट पाहायला नको, बँड बदलला तरी ट्यूनिंग नाही. हा मुद्दा मला बराचसा पटतो. ज्याला फक्त चारशे वॉट हवेत आणि खटाटोप नको, त्याने बेलाशक तिकडे जावे. पण तिथेही फुकट काही नाही. प्रत्येक बँडला वेगळा लो-पास फिल्टर लागतो, ट्रान्झिस्टरखाली तांब्याची जाड पाटी लागते, आणि अँटेनात बिघाड झाला तर संरक्षक सर्किटाला मिलिसेकंदाच्या आत निर्णय घ्यावा लागतो. व्हॉल्व्ह अशा वेळी काही सेकंद निमूट सहन करतो. स्वस्तात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये नकली माल कमी नाही, आणि तो नकली आहे हे पहिल्या धुराबरोबर कळते. शिवाय हॅमला परवाना दिला जातो तो स्वतः शिकण्यासाठी आणि प्रयोग करण्यासाठी. प्लेटचा प्रवाह मीटरवर घसरताना बघून टँक सर्किट जुळवणाऱ्याला अनुनाद म्हणजे काय ते हाताने कळते. एवढ्यासाठी व्हॉल्व्ह जपावा असे मला वाटते. नुसत्या जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे.

अँटेनावाले म्हणतील, लिनिअरचे पैसे अँटेनात घाला. ते बरोबर आहेत. साध्या डायपोलच्या जागी तीन घटकांची यागी लावली, की त्याच दिशेला पाच-सहा डेसिबल मिळतात आणि ऐकणेही तेवढेच सुधारते. लिनिअर ऐकायला काडीची मदत करत नाही. सोसायटीने गच्ची दिली नाही म्हणून खिडकीतल्या तारेला चारशे वॉट जोडणे हा त्यावर उपाय नव्हे. ती तार आपल्या आणि शेजाऱ्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असते, आणि त्यांच्या टीव्हीत आपला आवाज घुमला की छंदाचे भांडण होते. आपत्तीच्या वेळी उपयोगी पडेल, हे लिनिअरचे समर्थनही मला मान्य नाही. पूर आला, वादळ आले की आधी वीज जाते. बॅटरीवर शंभर वॉटचा संच चालतो, पण दोन ८१३ ची फिलामेंटेच तिच्यातून सतत शंभर वॉट ओढतील. लिनिअर ही दुसरी पायरी आहे. अँटेना उभी राहिल्यावरच तिचा विचार करावा, आणि तेव्हा चारशे वॉटच्या पुढे बघू नये.

माझा निकाल असा: पहिल्यांदाच बांधणाऱ्याने दोन ८१३ घ्यावेत, दोन कपाटात ठेवावेत, दहा मीटरचा हट्ट असेल तर जीआय-७बी तीन. बाकी सगळे ज्याच्या-त्याच्या खिशाचा आणि अनुभवाचा प्रश्न. हॅम नसलेल्या वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादे काका किंवा आजोबा रेडिओचे शौकीन होते, त्यांच्या माळ्यावर जाड पिनांचे काचेचे व्हॉल्व्ह, सिरॅमिकची सॉकेटे किंवा जड ट्रान्सफॉर्मर पडले असतील, तर ते किलोच्या भावाने देऊ नका. जुनी पेटी स्वतः उघडू नका, आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या हॅम क्लबला एक फोन करा.